जुन्या वस्तीचे मोल : गेडिससाहेबांनी पाहिलेले इंदूर

इंदूरच्या जुन्या भागातली नावे नुसती ओळीने वाचत गेले, तरी होळकरांच्या कारभाराचा निम्मा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. तोपखाना, मोती तबेला, पागनीस पागा, कडाबीन, बक्षी गल्ली, बजाजखाना. तोफा, घोडे, कडाबीनवाले शिपाई, फौजेचा हिशेब ठेवणारे बक्षी, कापडाचे व्यापारी या सगळ्यांची आठवण त्या नावांत आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा, खापरपणजोबा इंदुरात आले ते अशाच कुठल्यातरी गल्लीत उतरले. कुणी शिलेदार होते, कुणी कारकून, कुणी भिक्षुक, कुणी आचारी. आज त्यांतली बरीच घरे रामबाग, नारायणबाग ओलांडून लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगरपर्यंत पोचली आहेत. जुन्या भागात जे राहिले त्यांच्याविषयी बोलताना आपला आवाज नकळत थोडा खाली येतो. "ते अजून तिथेच आहेत," असे आपण म्हणतो.

त्या 'अजून'मध्ये बरेच काही असते. तिथे राहणे म्हणजे दुसरीकडे परवडत नाही म्हणून राहणे, असा त्याचा अर्थ. पण एखाद्या वस्तीत साध्या मिळकतीच्या माणसाला राहणे परवडते, हा त्या वस्तीचा दोष आहे की गुण? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने आपल्याच गल्ल्या पायी हिंडून या प्रश्नाचे उत्तर इंदूर दरबाराला दिले होते. त्या माणसाचे नाव पॅट्रिक गेडिस. त्यांचे उत्तर आज पुन्हा वाचण्याची वेळ आली आहे असे वाटते, म्हणून हा लेख.

जुनी इंदूर जुनी कशी झाली

आधी आपल्या शहराकडे पाहू. 'जुनी इंदूर' हे आज एका वस्तीचे नाव असले, तरी एके काळी इंदूर म्हणजे तेवढेच होते. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठचे ते गाव. इंद्रेश्वराच्या देवळावरून गावाला नाव पडले असे मानतात. मंडलोई जमीनदारांचा रावळा तिथेच. मोगलाईच्या उतरत्या काळात राव नंदलाल मंडलोई यांनी इथल्या बाजारपेठेला बळ दिले. पुढे पेशव्यांकडून माळव्याचा मुलूख मल्हारराव होळकरांकडे आला आणि नदीच्या पलीकडच्या अंगाला राजवाडा उभा राहिला. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले, त्यामुळे इंदूर तेव्हा राजधानी नव्हते. 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदुरात आली. राजधानी आली तशी दफ्तरे आली, दफ्तरांबरोबर कारकून आले, आणि कारकुनांबरोबर मराठी घरे आली. राजवाड्याभोवतीच्या पेठा भरत गेल्या आणि मूळ गाव 'जुनी इंदूर' झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या तुकोजीरावांच्या अमदानीत रेल्वे आली, कापडाची गिरणी आली. 1901 च्या जनगणनेत शहराची वस्ती 87 हजारांच्या घरात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि कामगारांची नवी वस्ती वाढली. ऐपतदार मंडळींसाठी तुकोगंजसारखा मोकळा भाग विकसित होऊ लागला. मग राजवाड्याभोवतीच्या पेठाही हळूहळू जुन्या ठरू लागल्या.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. कुठलीही वस्ती आरंभी जुनी नसते. ज्यांना नवे परवडते ते पुढे सरकतात, मागे उरलेल्या घरांचे भाव आणि भाडी उतरतात, आणि तिथे नव्याने गावात आलेल्या, कमी मिळकतीच्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळते. आपले पूर्वजही अनेकदा असेच कुणाच्या तरी वाड्यात, माडीवरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड करून राहिले होते.

प्लेग आणि पाडापाडी

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो देशभर पसरला. इंदूरलाही त्याच्या साथींनी हैराण केले. दाट वस्ती म्हणजे रोगाचे घर, असे समीकरण त्या काळी राज्यकर्त्यांच्या मनात पक्के बसले. त्यावरचा इलाजही ठरून गेला: अरुंद गल्ल्या फोडा, घरे पाडा, सरळ रुंद रस्ते काढा म्हणजे हवा खेळेल. मुंबईत 1898 मध्ये यासाठी सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते काढले, पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, त्यांचा फायदा मराठी मध्यमवर्गालाही झाला. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या लोकांना घरांतून उठवले तितक्यांना नवी घरे दिली नाहीत. उठलेली माणसे काम सोडून दूर जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. एका गल्लीतली गर्दी मोडली आणि पलीकडच्या गल्लीत दुप्पट झाली.

नेमक्या याच वेळी गेडिस हिंदुस्थानात आले.

कोण हे गेडिस

पॅट्रिक गेडिस जन्माने स्कॉटलंडचे, साल 1854. शिक्षणाने ते जीवशास्त्रज्ञ, हक्स्लींच्या हाताखाली शिकलेले. पण त्यांची खरी शाळा एडिंबरो शहरात भरली. त्या शहरातले बडे लोक अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जुना भाग सोडून नव्याने आखलेल्या 'न्यू टाउन'मध्ये जाऊन राहिले होते. जुन्या भागातली उंच घरे भाड्याच्या खोल्यांत विभागली गेली, गरिबांनी भरली आणि घाणीसाठी बदनाम झाली. 1886 मध्ये लग्न झाल्यावर गेडिस पतीपत्नी मुद्दाम त्याच भागात, जेम्स कोर्ट नावाच्या चौकात बिऱ्हाड करून राहिली. त्यांनी शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना मारला, कचरा उपसला, खिडक्यांत फुलझाडे लावली. जे घर टिकण्यासारखे होते ते दुरुस्त केले, जे अगदीच मोडकळीला आले होते तेवढे काढून मोकळी जागा केली. काही वर्षांत विद्यार्थी आणि प्राध्यापकही तिथे राहायला येऊ लागले.

म्हणजे 'जुन्या वस्तीत राहावे' हा उपदेश करण्याआधी या गृहस्थाने स्वतः तिथे संसार थाटला होता. पुढे त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला, जगदीशचंद्र बसूंचे चरित्र लिहिले, आणि 1919 पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून काम केले. आपल्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्यांना विलायतेत शिकायला पाठवण्यात त्यांचाच पुढाकार होता.

1914 मध्ये ते शहरांविषयीच्या प्रदर्शनासाठी हिंदुस्थानात आले आणि त्यानंतर गावोगावी हिंडून त्यांनी शहरांचे अहवाल लिहिले. त्यांत ठाणे आहे, बडोदा आहे, तंजावर आहे. सर्वांत विस्तृत अहवाल मात्र इंदूरचा. तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबारासाठी तो लिहिला गेला आणि 1918 मध्ये होळकर सरकारच्या छापखान्यात दोन खंडांत छापला गेला. हे काम त्यांनी कोणत्या मनःस्थितीत केले तेही सांगायला हवे. 1917 मध्ये त्यांचा थोरला मुलगा महायुद्धात मारला गेला, आणि त्याच वर्षी पत्नी इथेच, हिंदुस्थानात आजारपणात गेली.

गल्लीची नाडी

गेडिस यांची पद्धत साधी होती. कचेरीत बसून नकाशावर पट्टीने रेघ मारायची नाही. आधी गल्लीगल्लीतून पायी हिंडायचे. कुठले घर भक्कम आहे, कुठले पडीक, विहीर कुठे, देऊळ कुठे, झाड कुठे, पाणी कुठे तुंबते, हे घरागणिक पाहायचे. वैद्य जशी आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसे हे काम. त्यातून त्यांना बहुतेक ठिकाणी असे दिसे की सरळ रुंद रस्त्यासाठी चांगली घरे तोडण्याची गरज नाही. दोनचार पडकी घरे काढली तर तिथे लहानसा चौक होतो, हवा आणि उजेड मिळतो, मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बसायला जागा होते. गल्लीचे वळण राहते आणि शेजारही राहतो. शल्यवैद्याने सडलेला भागच तेवढा काढावा, अख्खा हात कापू नये, असा त्यांचा विचार होता.

यात भावनेपेक्षा हिशेब जास्त होता. पाडलेल्या घराची भरपाई द्यावी लागते, नवे घर बांधायला पैसा लागतो, आणि तो पैसा शेवटी भाड्यातून वसूल होतो. जुने घर मात्र आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी फेडलेले असते. त्याला लागतो तो डागडुजीचा खर्च. म्हणून गरिबाला परवडणारे घर बहुधा जुनेच असते, आणि ते पाडून त्याच जागी बांधलेले नवे घर त्याला परवडत नाही. इंदूरच्या अहवालात त्यांनी खर्चिक गटारयोजनेवरही याच अंगाने टीका केली. मैलापाणी दूर वाहून नेण्यासाठी अफाट पैसा घालण्यापेक्षा ते बागांच्या आणि शेतीच्या कामी आणावे, नद्यांचे काठ आणि घाट स्वच्छ राखावेत, विहिरी आणि तळी सांभाळावीत, असे त्यांचे म्हणणे होते.

एका गोष्टीने त्यांना विशेष भुरळ घातली, ती म्हणजे अंगणातले तुळशीवृंदावन. ज्या घरापुढची तुळस टवटवीत त्या घरातली बाई घर स्वच्छ ठेवते, आणि ते घर निरोगी असते, असे त्यांनी पाहून ठेवले होते. आपल्या आज्यांना हे सांगायला विलायतेहून कुणी येण्याची गरज नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण शहररचनेच्या सरकारी अहवालात तुळस आली, हे कौतुकाचेच.

गेडिससाहेबांची मिरवणूक

इंदूरच्या मुक्कामातली त्यांची एक हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी दरबाराकडून एक मोठी मिरवणूक काढण्याची परवानगी मिळवली. नेहमीच्या ठरलेल्या रस्त्याने ती जाणार नव्हती. ज्या वस्तीतले लोक आपली घरे आणि गल्ली सर्वांत चांगली साफ करतील, त्या वस्तीतून ती जाणार असे जाहीर झाले. मग काय, घरोघरी झाडलोट, रंगरंगोटी, डागडुजी सुरू झाली. वर्षानुवर्षे साचलेला कचरा गाड्या भरभरून गावाबाहेर गेला. मिरवणुकीत लक्ष्मी हत्तीवरून निघाली, प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, शेवटी तिचे दहन झाले. आणि शहराचे सफाई कामगार नव्या कपड्यांत, सजवलेल्या गाड्यांसह, मानाने त्या मिरवणुकीत चालत होते.

अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झाँक्या पाहत उभ्या राहणाऱ्या इंदूरकरांना मिरवणुकीची ताकद निराळी समजावून सांगायला नको. तरी या हकिकतीतला शेवटचा भाग विसरता कामा नये. जुन्या वस्तीत राहणे स्वस्त होते यामागे एक कटू सत्यही होते. आपल्या वाड्यांच्या मागच्या दारी पाटीचे संडास होते, आणि ते साफ करणारी माणसे तुटपुंज्या मजुरीवर, मागच्या बोळातून, कुणाच्या दृष्टीस न पडता येत आणि जात. त्यांच्या श्रमावर आपली स्वच्छता आणि आपला खर्च दोन्ही भागत होते. गेडिस यांनी त्या माणसांना मिरवणुकीत उजळ माथ्याने पुढे आणले. 2017 पासून वर्षामागून वर्षे आपले शहर देशात सर्वांत स्वच्छ ठरत आले आहे. त्या मानाचे खरे धनी कोण, याचे उत्तर त्या मिरवणुकीने शतकापूर्वीच दिले होते.

वाड्याचा जमाखर्च

जुन्या वस्तीचे गोडवे गाताना तिथल्या अडचणी झाकू नयेत. सागवानी खांब, जाड भिंती, उन्हाळ्यात गार राहणारी माजघरे, चौकातला उजेड हे खरे. पण पावसाळ्यात गळणारी कौले, अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोल्या, चार बिऱ्हाडांत एक संडास, उंदरांचा सुळसुळाट, विहिरीवरून पाणी शेंदून वाकलेल्या बायका हेही तितकेच खरे. जी माणसे तिथून बाहेर पडली त्यांनी हे सारे सोसून झाल्यावरच मोकळ्या हवेचे घर शोधले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

वाड्यांची पडझड मात्र केवळ वयाने झाली नाही. 1948 मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि दरबारी नोकऱ्यांचा आधार संपला. पुष्कळ घरांनी माड्या भाड्याने देऊन संसार चालवला. 1961 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळाले. ते आवश्यकही होते, कारण बदली होऊन आलेल्या कारकुनाला, मास्तरांना, गिरणीतल्या जॉबरला डोक्यावर छप्पर त्यामुळेच टिकवता आले. पण भाडे जिथल्या तिथे राहिले आणि गवंड्याची मजुरी वाढत गेली. मालक म्हणे, या भाड्यात कौले कशी बदलू? भाडेकरू म्हणे, घर माझे नाही, मी खर्च का करू? दोघांचेही खरे होते, आणि तुळई मधल्या मध्ये कुजत होती. त्यात वारसांची संख्या वाढली. एक भाऊ पुण्यात, एक अमेरिकेत, आत्याचा हिस्सा वेगळा. सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येतात त्या बहुधा विक्रीच्या वेळी. दुरुस्तीसाठी कधीच येत नाहीत.

गेल्या काही वर्षांत राजवाड्याच्या आसपासचे बरेच रस्ते रुंद झाले. वाहतुकीचा ताण पाहता काही रस्ते रुंद करणे भागच असेल. त्यात अनेक घरांचे ओटे गेले, पुढच्या खोल्या गेल्या, काहींचा निम्मा वाडा गेला. उरलेल्या अर्ध्या घरावर मग गाळ्यांची इमारत चढते. तळमजल्यावर दुकाने, वर गोदाम. शहराला दुकाने हवीतच. पण त्या जागी पूर्वी राहणारी पाच बिऱ्हाडे कुठे गेली, याची नोंद कुठल्याच नकाशावर नसते. ती बहुधा शहराच्या टोकाला, दोन बस बदलून पोचावे लागेल अशा ठिकाणी गेलेली असतात. भाडे थोडे, पण जाण्यायेण्याचा खर्च मोठा. जुन्या वस्तीत बाजार, शाळा, दवाखाना, देऊळ आणि कामाची जागा पायी अंतरावर असते. ही बचत घराच्या भावात दिसत नाही, ती महिन्याच्या जमाखर्चात दिसते. शेजारणीवर घर टाकून बाहेर जाता येणे, आजारपणात कुणीतरी न बोलावता डबा आणणे, ही मदत तर कुठल्याच वहीत लिहिलेली नसते.

आपण काय करू शकतो

आपल्या मंडळांचा आणि या गल्ल्यांचा संबंध जुना आहे. आपले गणपती आधी वाड्यांच्या चौकांत बसले, मग मांडवांत आले. चौक गेले तर गणपती सभागृहात बसेल, त्यात बिघडत काही नाही. पण वर्गणी मागायला गेल्यावर ज्या दारात "बसा, चहा टाकते" असे म्हणणारे कुणी असते, ती दारे कमी होत चालली आहेत.

गेडिस यांच्या पद्धतीतली पहिली पायरी आपण स्वतः चढू शकतो, तिला ना परवानगी लागते ना निधी. मंडळातल्या तरुणांनी वर्गणीच्या निमित्ताने गल्लीगल्लीत हिंडताना एक वही जवळ ठेवावी. कुठल्या वाड्यात कोण राहते, घर कुणी बांधले, छप्पर कसे आहे, विहीर आहे की बुजवली, एकटे म्हातारे किती, हे घरागणिक लिहून काढावे. आपल्यात स्थापत्य अभियंते आहेत. त्यांनी सुट्टीच्या दिवशी दोन तास देऊन कुठला खांब बदलला तर घर वाचेल एवढे सांगितले, तरी अनेक घरे आणखी एक पिढी उभी राहतील. आपल्यात वकील आहेत. भावाबहिणींच्या सह्या दुरुस्तीच्या कागदावर आणण्यासाठी त्यांनी मध्यस्थी करावी. मालक आणि भाडेकरूने खर्च वाटून घेऊन छप्पर शाकारावे, यासाठी मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी शब्द टाकावा.

आणि जे कुटुंब तरीही घर विकून जाण्याचे ठरवील, त्याला दूषण न देता एवढे मात्र विचारावे: घर घेणारा तिथे राहणार आहे की नुसती जागा घेणार आहे? राहणारा असेल, मग तो कुठल्याही भाषेचा असो, तर त्याला चार पैसे कमी घेऊन द्यावे. दोनशे वर्षांपूर्वी माळव्यात आपणही परक्या बोलीचे होतो. तेव्हा इथल्या कुणीतरी आपल्याला परवडेल अशा भाड्यात दोन खोल्या दिल्या, म्हणून आपण आज इंदूरकर आहोत.